कुणाच्या पाण्यावरची फांदी

गेल्या नाताळात माझ्या मुलाने पुण्याहून इथे लातूरला झाड पाठवलं. खोक्यातून. तीन तुकडे एकात एक बसवले की पाच फुटांचं हिरवंगार झाड तयार, वरची चांदणीसुद्धा त्याच खोक्यातली. संध्याकाळी त्याचा फोन आला, "आई, कसं आहे झाड?" मी म्हटलं, "ठीक आहे." फोन ठेवला आणि माझं मलाच हसू आलं. आमच्या घरात नाताळच्या झाडाला 'ठीक आहे' म्हणण्याचा इतिहास फार जुना आहे, आणि तो काही फार चांगला नाही.

माझे आजोबा केरबा वाघमारे. त्यांना मी आजा म्हणायची. नांदेडला मिशनच्या आवारात त्यांनी अडतीस वर्षं माळीकाम केलं. वाचता येत नव्हतं, पण बायबलातलं प्रत्येक झाड त्यांना ठाऊक होतं. अंजिराचं, जैतुनाचं, मोहरीचं. पाळकसाहेब उपदेशात झाडाविषयी काही बोलायला लागले की आजा पुढच्या रांगेत बसून मान हलवायचे, कधी होकाराची, कधी नकाराची. पाळकसाहेब बिचारे त्यांच्याकडे बघायचं टाळायचे.

नाताळच्या झाडाबाबत आजांचा एक नियम होता. ज्या झाडाला आपण वर्षभर पाणी घातलं, त्याचीच फांदी घरात आणायची. बाजारातली नाही, दुसऱ्याच्या आवारातली नाही, रानातली तर मुळीच नाही. सव्वीस डिसेंबरला सगळ्या घराने आवारात हिंडायचं आणि पुढच्या नाताळचं झाड निवडायचं. मग वर्षभर रोज त्याला पाणी. कुणी विचारलं, असं का, तर आजा म्हणायचे, "बाळ येशूला काय चोरीची सावली द्यायची?"

माझे वडील शांतवन हे नांदेडच्या कलेक्टर कचेरीत कारकून. लातूरचा वेगळा जिल्हा झाला होता आणि नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती. नांदेडच्या साहेबांना बाबा नको होते, कारण बाबा प्रत्येक कागदावर नियम दाखवायचे. दोघांची गरज एकदमच भागली. पंच्याऐंशीच्या जूनमध्ये आम्ही लातूरला आलो. मी तेव्हा दहा वर्षांची.

घर मिळालं ते वीरण्णा म्हणून एका आडत्याच्या मागच्या दोन खोल्या. पुढे ते राहायचे, मधे अंगण, अंगणात बेल. घरमालकीण महानंदाकाकू रोज सकाळी आंघोळ करून ओलेत्याने त्या बेलाला स्वच्छ पाण्याचा तांब्या घालायच्या आणि मगच पूजेला पानं तोडायच्या. पहिल्या दिवशी आईला त्यांनी एवढंच सांगितलं, "सिंधु, बाकी काही म्हणणं न्हाई माझं. पण बेलाला वापरलेलं पाणी घालायचं न्हाई हं." आई म्हणाली, "आमच्या सासऱ्यांचं आणि तुमचं चांगलं जमेल."

जमलंच. पंधरा दिवसांनी आजा आले. नांदेडहून अहमदपूर, चाकूर करत एसटीने, मांडीवर डालड्याचा डबा आणि डब्यात सुरूचं वीतभर रोप. नांदेडच्या आमच्या झाडाखाली उगवलेलं. त्यांनी महानंदाकाकूंना विचारून अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात खड्डा खणला, रोप लावलं आणि मला जवळ बोलावलं.

"रूथ, हे तुझं. रोज एक तांब्या. बापाच्या भरवशावर ऱ्हायचं न्हाई, त्यो कागदाला पाणी घालून राहिला."

बाबा दर महिन्याच्या एक तारखेला आजांना पोस्टकार्ड लिहायचे. शेजारचे गुरुजी ते आजांना वाचून दाखवायचे. त्यात पगार, तब्येत, चर्च आणि शेवटी झाड. झाडाचं माप मी घ्यायची, माझ्या हाताच्या वितीने. "सुरू रूथच्या दोन विती झाला." "सुरू तीन विती, नवीन फांदी उत्तरेला." त्या डिसेंबरात तो माझ्या कमरेइतकाही नव्हता. तोडायचा प्रश्नच नव्हता. अंगणातच त्याला सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या झिरमिळ्या लावल्या. बाबा ओढत नव्हते, पण कचेरीत ओढणारे पुष्कळ होते. आम्ही तिघांनी थंडीत उभं राहून नाताळगीत म्हटलं आणि महानंदाकाकू ओट्यावरून बघत होत्या. आजांना यायला जमलं नाही. पुढच्या नाताळाला येतो, असं त्यांनी कळवलं.

मग शहाऐंशी साल उजाडलं. आदल्या वर्षी पाऊस असा-तसाच झाला होता. मार्चमध्ये विहिरी बसल्या, एप्रिलमध्ये गल्लीत टँकर यायला लागला. आठवड्यातून दोनदा, घरटी सहा घागरी. लोक आंघोळीचं पाणी परातीत धरायचे, त्यात पाय धुवायचे, मग तेच अंगणात शिंपडायचे. एका संध्याकाळी बाबांनी जेवताना हिशेब केला आणि म्हणाले, "रूथ, उद्यापासून झाडाला अर्धाच तांब्या."

मी आजांची नात. मला ते पटलंच नाही. अर्ध्या तांब्यात झाड कसं वाढणार, आणि वाढलं नाही तर नाताळाला आजा काय म्हणतील? मी गल्लीत पाणी शोधायला लागले. आणि मला सापडलं. महानंदाकाकू एक दिवसाआड वीरण्णांची धोतरं आणि टोप्या सोडा घालून मोठ्या पातेल्यात उकळायच्या. धोतरं उपसून झाली की ते पाणी तसंच राहायचं. बेलाला ते चालत नव्हतं. कुणालाच नको होतं. मी दुपारी सगळे झोपले की ते पातेलं ओढत न्यायची आणि सुरूच्या बुडाशी रिकामं करायची. थंड व्हायची वाट बघायला मला धीर नव्हता, कुणी उठलं तर? वाफ निघत असायची. मी मनात म्हणायची, पी बाबा, पोटभर पी.

तीन आठवड्यांत सुरू तांबडा पडला. मेच्या मध्यावर हात लावला की काड्या गळायच्या.

मी मूर्ख होते, पण इतकीही नव्हते. वाळायला कधी लागलं आणि पातेलं कधीपासून ओतलं, हे मला जुळवता येत होतं. सांगायचं म्हणून दोनदा आईपर्यंत गेले आणि परत आले. आणि मग त्या दिवशी बाबा खड्ड्याशी उकिडवे बसले होते, वाळकी काडी बोटांत धरून, आणि आईला म्हणाले, "अर्धा तांब्या मीच केला. माझ्या हातानं मारलं मी." आई म्हणाली, "माणसांना प्यायला नाही, अन् तुम्ही झाडाचं काय घेऊन बसलात?" मी दाराच्या आड उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. आज माझे केस पिकले, तरी ती दुपार आठवली की मला माझाच राग येतो.

एक जूनला बाबांनी पोस्टकार्ड लिहिलं. कागदाच्या बाबतीत कधी काना-मात्रा न चुकवणारा माणूस, पण शेवटच्या ओळीशी थांबला. मग लिहिलं, "झाड ठीक आहे." जुलैत तेच, ऑगस्टमध्ये तेच. पाऊस पुन्हा फिरकलाच नाही. "येथे टंचाई आहे. झाड ठीक आहे." वाळकं खोड आईने एका सकाळी चुलीत घातलं. "ठीक आहे" मात्र डिसेंबरपर्यंत चालू राहिलं. सात कार्डं झाली.

दहा डिसेंबरला आजांचं कार्ड आलं, गुरुजींच्या अक्षरात. चोवीस तारखेला दुपारच्या गाडीने येतो. नाताळ तिकडेच. झाड बघायचं आहे.

घरात जे काही झालं त्याला धांदल म्हणणं कमी होईल. आई म्हणाली, सरळ कळवून टाका. बाबा म्हणाले, पंचाहत्तर वर्षांचा माणूस, सात महिने मी त्यांना फसवलं हे कार्डावर कसं लिहू? आई म्हणाली, मग तोंडाने सांगा. बाबा म्हणाले, तोंडाने तर त्याहून नाही. मग बाबा झाड शोधायला निघाले. मला बरोबर घेतलं. आम्ही बाभळी बघितल्या, बोरी बघितल्या, एका बंगल्याचा अशोक लांबून बघितला. सगळं धुळीने माखलेलं. शहरात हिरवं म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. चौथ्या दिवशी बाबा कचेरीतून हसत आले.

कचेरीच्या आवारात जिल्हा झाला त्या वर्षी सुरूची बारा रोपं लावली होती. नऊ मेली होती. तीन होती, आणि त्यातलं पाण्याच्या खोलीजवळचं दीड पुरुष उंच, दुष्काळात शोभणार नाही इतकं हिरवं. बाबांनी रीतसर अर्ज केला. तो अर्ज मी वाचला आहे. विषय: कार्यालयाच्या आवारातील सुरूच्या झाडाची एक फांदी धार्मिक प्रयोजनार्थ मिळणेबाबत. त्यावर नाझरची सही, हेडक्लार्कची सही, 'हरकत नाही' असा शिक्का. तेवीस तारखेला संध्याकाळी कचेरी सुटल्यावर बाबांनी शिडी लावली आणि अर्जात लिहिल्याप्रमाणे एकच फांदी तोडली. फक्त ती शेंड्याची होती, कारण तीच झाडासारखी दिसत होती.

आणि मग बाबांनी ती फांदी अंगणातल्या त्या जुन्याच खड्ड्यात रोवली. भोवती माती दाबली, आळं केलं, वरून थोडी वाळकी पानं पसरली. लांब जाऊन बघितलं. "दीड वर्षात एवढं होतं की नाही?" त्यांनी आईला विचारलं.

आई म्हणाली, "अडतीस वर्षं माळीकाम केलेल्या माणसाला तुम्ही काठी रोवून झाड म्हणून दाखवणार. सायबानं तुम्हाला नांदेडहून का घालवलं ते आज कळलं मला."

मी हसले. मग खड्ड्याकडे पाठ करून आत गेले.

चोवीसच्या दुपारी बाबा अर्धी रजा काढून एसटी स्टँडवर गेले. आजा आले ते रिक्षातून आणि त्यांच्या मांडीवर पुन्हा डबा होता. या वेळी गोड्या तेलाचा पाच किलोचा, तोंडाला लाकडी बूच, त्यावर मेणकापड सुतळीने घट्ट बांधलेलं. रिक्षावाल्याला त्यांनी तो उतरवूही दिला नाही.

"काय आहे त्यात?" आईने पाया पडत विचारलं.

"पानी. गोदावरीचं. अहमदपूरला गाडी बदलली, तिथं दोघं जन म्हनले प्यायला द्या. त्यांला माझ्या तांब्यातलं दिलं. ह्यातलं न्हाई दिलं. झाडाचं हाय."

बाबांचा चेहरा बघवत नव्हता. आजा चहालाही बसले नाहीत. सरळ अंगणाच्या कोपऱ्यात गेले. फांदीसमोर उभे राहिले. खालून वर बघितलं. आम्ही तिघं मागे. महानंदाकाकू ओट्यावर आल्या होत्या. फांदीचं त्यांनाही माहीत होतं, सगळ्या गल्लीला माहीत होतं.

"बरं दिसतंय," आजा म्हणाले. खाली बसले, सुतळी सोडली, मेणकापडाची घडी करून खिशात ठेवली, बूच काढलं आणि डबा दोन्ही हातांनी उचलून कलता केला.

पाण्याची पहिली धार आळ्यात पडली. लातुरात त्या दिवशी टँकर येऊन चार दिवस झाले होते. आमच्या घरात दीड घागर होती. आणि हा म्हातारा सहा तास मांडीवर सांभाळलेलं पाणी मुळं नसलेल्या काठीला घालत होता. मी बाबांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते.

"आजा, ओतू नका!" मी ओरडले. "ती नुसती फांदी आहे! झाड मेलं! मी मारलं!"

डबा सरळ झाला. आजांनी मान वळवली.

मग मी सगळं सांगितलं. रडत, शेंबूड पुसत, पातेलं, सोडा, वाफ, दुपार, सगळं. बाबा म्हणत होते, "अगं नाही, अर्धा तांब्या मीच..." आणि मी म्हणत होते, "नाही बाबा, तुम्ही नाही, तुम्ही नव्हतंच मारलं." महानंदाकाकूंनी कपाळाला हात लावला, "अग्गं बाई, माझ्या धोतराचं पानी!"

आजांनी ओल्या मातीत बोट घातलं, ते धोतराला पुसलं. "सुरू खारं सोसतो," ते म्हणाले. "सोडा सोसला असता त्यानं. कढत न्हाई सोसत कुनी." मग माझ्याकडे बघून, "थंड करून घातलं असतं तर आज उभा असता. ध्यानात ठेव." एवढंच. मला वाटलं होतं, मारतील, नाहीतर जवळ तरी घेतील. त्यांनी दोन्ही केलं नाही, शिकवलं. मला तेव्हा त्याचा फार राग आला होता.

बाबांकडे मात्र ते रागाने वळले. "अन् ही? ही कुनाच्या पान्यावरची फांदी हाय?"

"कचेरीतली. रीतसर परवानगी आहे," बाबांनी खिशातून अर्ज काढला. खरंच काढला. "नाझरची सही आहे, हेडक्लार्कची..."

"सहीनं झाड वाढतं का, शांतवन? पानी कोन घालतंय त्याला?"

बाबांना माहीत नव्हतं. दीड वर्ष त्या झाडाखाली सायकल लावत होते. त्यांना खरोखर माहीत नव्हतं.

"चला," आजा म्हणाले. डब्याला बूच लावलं आणि निघाले.

कचेरी सुटायला अजून तास होता. आम्ही आवारात शिरलो तेव्हा त्या सुरूखाली एक बाई उभी होती. पन्नाशीची, काटक, पदर कमरेला खोचलेला, हातात लोखंडी बादली. कचेरी झाडणारी आणि साहेबांना पाणी देणारी सरजाबाई. बाबा तिला रोज बघायचे, ती बाबांना रोज ग्लास द्यायची. आणि ती तुटलेल्या शेंड्याकडे बघून मोठमोठ्याने बोलत होती.

"हात झडले नाईत का मेल्याचे! सकाळधरनं इचारून राहिले, कुनी सांगंना. माझ्या झाडाचं मुंडकंच नेलं!"

बाबा जागीच थांबले. आजांनी त्यांच्या पाठीला हात लावून पुढे ढकललं.

"सरजाबाई," बाबा म्हणाले, "मी तोडला. परवानगी..." आणि अर्जापर्यंत गेलेला हात त्यांनी स्वतःच मागे घेतला. "तुम्हाला विचारलं नाही. चुकलं माझं."

सरजाबाईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी? वाघमारे बाबू? तुमी तर टाचनी बी इचारून घेता." ती रागावलेली होती आणि तिला रडूही येत होतं. "चार साल झाले. बाराच्या बारा मीच जगवून राहिले होते. दुस्काळ पडला, पानी कुठून आनू? सायेब लोक अर्धा गिलास पितेत अन् अर्धा ठिवतेत. त्ये समदे उष्टे गिलास मी बादलीत वतते. तेवढ्यात तीनच जगतेत. म्हून तीन जगवले." तिने शेंड्याच्या जागेला हात लावायचा प्रयत्न केला, पुरला नाही. "मला इचारलं असतं तर बाजूची फांदी दिली असती की. शेंडा कशाला तोडला? आता ह्ये वर जाईल का?"

मला आठवतं, बाबांच्या डोळ्यांतून सरळ पाणी आलं. कचेरीच्या आवारात, शिपायांसमोर. मी त्यांना त्याआधी रडताना बघितलं नव्हतं.

आजांनी डबा तिच्या पायाशी ठेवला. "बाई, मी ह्याचा बाप. माळी हाय. बाजूची एक फांदी वर वळवून काठीला बांधू, तीच शेंडा व्हईल. म्या बांधून देतो. अन् हे पानी नांदेडचं हाय, तुमच्या झाडाला. आमी पानी न घालता फांदी घेतली. आमच्यात चालत न्हाई."

सरजाबाईने बूच काढून आत वाकून बघितलं. पाणी बघितल्यावर तिचा आवाज खाली आला. आजा डबा उचलायला वाकले तसा तिने तो घट्ट धरला. "आन् येकदम वतता काय? माळी म्हनवता अन् एवढं पानी येकाच येळी? ऱ्हाऊ द्या हितं. रोज दोन गिलास घालते, पंदरा दिस जातील."

आजांना कुणी झाडाबद्दल शिकवलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. त्यांनी मान हलवली. होकाराची.

दोन ग्लास तिने तिथेच मोजून घातले. एक स्वतः घातला आणि दुसरा भरून माझ्या हातात दिला. मी हात लावून बघितलं, थंड होतं. मग घातलं. बाबा शिडी घेऊन आले, आजांनी खालून सांगितलं आणि बाबांनी बाजूची फांदी बांबूच्या काठीला सुतळीने बांधली. मेणकापड बांधायला आणलेलीच ती सुतळी. निघताना आजा म्हणाले, "उद्या या घरी. तुमच्या झाडाचा शेंडा बघायला."

"आमी बुद्धाचे," सरजाबाई म्हणाली.

"मग काय झालं. झाड तर तुमचंच हाय."

संध्याकाळी फांदी खड्ड्यातून उपटली आणि घरात आणून मातीच्या कुंडीत उभी केली. आजांच्या पिशवीत नांदेडची कापसाची बोंडं होती, फुटलेली, पांढरीशुभ्र. त्यांचे देठ आम्ही सुताने फांदीला बांधले. आईने फुटक्या बांगड्यांच्या माळा केल्या. महानंदाकाकूंनी पतंगाचे कागद दिले आणि स्वतः बसून कात्रीने चांदण्या कापल्या, सगळ्या चार टोकांच्या. आई म्हणाली, पाच हवीत. काकू म्हणाल्या, मला चारच येतेत. चारच लावल्या. करंज्यांचा वास सुटला होता. मला बाबांनी मांडीवर घेतलं, दहा-अकरा वर्षांची घोडी मी, आणि माझ्या केसांत तोंड घालून म्हणाले, "तुला इतके दिवस हे एकटीला वागवावं लागलं." मी सात महिने त्यांना दोषी ठरू दिलं होतं आणि ते मलाच असं म्हणत होते. मी पुन्हा रडले.

नाताळाला उपासना करून आलो तर सरजाबाई दारात. धुतलेलं हिरवं लुगडं, हातात वाटीभर हावळा, भाजलेला ओला हरभरा. तिने झाडाकडे बघितलं, बोंडांना हात लावला आणि शेंड्याची पानं बोटांनी सरळ केली, शाळेत जाणाऱ्या पोरीचे केस करावेत तसं. मग बाबांना म्हणाली, "चांगलं केलंय. पन पुढच्या खेपी इचारा." आणि करंज्या खाऊन गेली.

सव्वीसला आजा परत निघाले. सकाळच्या गाडीला मी आणि बाबा स्टँडवर गेलो. बाबा तिकिटाच्या खिडकीकडे गेले तेव्हा मी विचारायचं ते विचारलं.

"आजा, तुम्हाला आल्या आल्या कळलं होतं ना, नुसती काठी आहे ती?"

"आल्या आल्या न्हाई. जूनमंदीच."

"जूनमध्ये?"

"आधी तुझा बाप लिहायचा, दोन विती झालं, तीन विती झालं. मग लिहाय लागला, ठीक हाय." आजांनी पिशवी मांडीवर घेतली. "झाड कधी ठीक ऱ्हातंय का, पोरी? झाड वाढतं, न्हाईतर वाळतं. गुरुजी वाचायचे, झाड ठीक आहे, अन् मला समजायचं."

"मग पाणी कशाला आणलं एवढं?"

गाडी लागली, लोक धावले, बाबा तिकीट घेऊन येताना दिसले. आजा उठले आणि मला म्हणाले, "म्हनलं, माझं खोटं निघालं तर."

मी नंतर खूप वेळा विचार केला त्यावर. सहा तास, दोन गाड्या, पंचाहत्तर वर्षांचे गुडघे आणि मांडीवर पाच किलोचा डबा. झाड मेलं आहे हे नक्की माहीत असताना. आजा आणखी तीन वर्षं जगले. एवढा मोठा माणूस मी पुन्हा बघितला नाही.

एक जानेवारीला बाबा पोस्टकार्ड लिहायला बसले. शेवटच्या ओळीशी थांबले, पेन खाली ठेवलं, सायकल काढली आणि मला मागे बसवून कचेरीत घेऊन गेले. सुट्टीचा दिवस नव्हता, म्हणून आम्ही कचेरी उघडायच्या आधीच पोचलो. सरजाबाईने शिडी धरली, मी वर चढले आणि काठीला बांधलेली फांदी तिच्या टोकाच्या किती वर आली, ते बोट लावून मापलं. घरी आल्यावर बाबांनी लिहिलं, "सरजाबाईंच्या झाडाचा नवा शेंडा रूथचं अर्धं बोट वाढला."

परवा मुलाचा पुन्हा फोन आला. यंदा त्याच झाडाला लावायला नव्या दिव्यांची माळ पाठवतो म्हणाला. मी म्हटलं, पाठव. पण तू येताना घरून बाटलीभर पाणी घेऊन ये. तो म्हणाला, "प्लॅस्टिकच्या झाडाला?" मी म्हटलं, "नाही. कचेरीच्या आवारात सरजाबाईंच्या झाडाकडे जायचं आहे आपल्याला, आणि गेल्या वर्षी तुला मी एक खोटं बोलले होते, तेही सांगायचं आहे."